समाप्ती झाल्यावर येतो

डॉक्टरांनी मध्यंतरी मला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. माझं जे ऑपरेशन झालं तेच सिन्नरकडच्या एका गृहस्थांचं ठरलं होतं, आणि मी त्यांना जरा धीर द्यावा अशी डॉक्टरांची इच्छा होती. मी वही-पेन घेऊन गेलो. गृहस्थांनी माझ्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघत विचारलं, किती दिवसांत सवय होते? मी वहीत लिहिलं, "होत नाही." त्यानंतर डॉक्टरांनी मला कुणाला धीर द्यायला बोलावलेलं नाही.

तेव्हा धीर हवा असेल तर हे वाचू नका. ज्याचा घसा कित्येक आठवडे बसलाय आणि ज्याच्याकडे डॉक्टरांकडे न जायला एक चांगलं, पटण्यासारखं कारण आहे, त्यानं मात्र वाचावं. मी त्याच्यासाठी लिहितो आहे. माझ्याकडेही असंच एक कारण होतं.

आवाज होता तेव्हा

मी चोपन्न वर्षांचा. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला नोकरी, घर मखमलाबादच्या बाजूला मळ्यात. जमीन धाकटा भाऊ बघतो. शेवंती, गुलाब, थोडा निशिगंध, आणि रोज पहाटे फूलबाजार. आमच्या घरात चौघं. मी, बायको सुरेखा, कॉलेजात जाणारी मुलगी ऋतुजा आणि आई. आई शाळेत गेलेली नाही, तिला अक्षरओळख नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडणार आहे.

श्रावणात आमच्या ओट्यावर पोथी लागते. वडील होते तोवर ते वाचायचे, नंतर मी. संध्याकाळी कंपनीतून आलो की आंघोळ करायची, धोतर नाही पण स्वच्छ पायजमा घालायचा आणि पाटावर बसायचं. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं येतात. मी ओव्या वाचायच्या आणि शेजारच्या मळ्यातल्या आप्पांनी अर्थ सांगायचा, ही वाटणी ठरलेली. खरं सांगतो, आप्पा अर्थ सांगत असताना मी पुढचा अध्याय चाळत बसायचो. मला अर्थाचं फारसं काही नव्हतं. मला चाल आवडायची, कुठे श्वास घ्यायचा, कुठे ओळ लांबवायची हे आवडायचं. आणि माणसं ऐकतात हे आवडायचं. कंपनीत मला कुणी ऐकत नाही. तिथे मशीनचाच आवाज मोठा.

गेल्या वर्षी आषाढात घसा बसला. हळद, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. वीस वर्षं सिगारेट ओढली होती, सोडून पाच वर्षं झाली होती, त्यामुळे ते पाप फिटलं असं मी धरून चाललो होतो. सुरेखा मागे लागली म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरतंतूवर काहीतरी आहे, तुकडा काढून तपासायला पाठवू, ह्याच आठवड्यात या. आणि नंतर पंधरा दिवस अजिबात बोलायचं नाही.

श्रावण पाच दिवसांवर आला होता.

"समाप्ती झाल्यावर येतो, डॉक्टर," मी म्हणालो. त्यांना वाटलं कंपनीतलं कसलं तरी काम संपायचंय. म्हणाले, कामापेक्षा तब्येत महत्त्वाची. मी हो म्हणून बाहेर आलो.

घरी हा विषय जेवताना निघाला. सुरेखाचं म्हणणं सरळ होतं, ह्या वर्षी पोथी आप्पा वाचतील, नाहीतर ऋतुजा वाचेल, तिला चांगलं वाचता येतं. आई भाकरी थापत होती. ती मागे न बघता म्हणाली, "दरसालची पोथी हाय. ज्याची त्यानं वाचावी. तीच बरं करील त्याला."

मी ते वाक्य दोन्ही हातांनी धरलं. आईचं मन मोडवत नाही असं सुरेखाला सांगितलं, आणि मला तेव्हा अगदी मोठेपणा वाटला.

तो श्रावण माझा सगळ्यात चांगला गेला. आवाजाला एक खरखर आली होती, खालच्या पट्टीत तो जड लागायचा, आणि माणसं त्यावर खूश होती. ओट्यावर जागा पुरेना. आप्पा म्हणाले, ह्या वर्षी आवाजात काय गोडी उतरलीय. दुसऱ्या मळ्यातले एक म्हातारे रोज डोळे पुसायचे. ज्या गाठीनं माझा आवाज न्यायचा होता तीच तो असा रंगवत होती, आणि मी पाटावर बसून कौतुक घेत होतो.

पोळ्याला समाप्ती झाली. लगेच गणपती आले. गणपतीत कोण दवाखाना करतो? मग पितृपक्ष लागला. पितरांच्या पंधरवड्यात अंगाला सुरी लावून घेऊ नये, असं आई म्हणाली. त्यानंतर घट बसले. सुरेखा त्या दोन महिन्यांत माझ्याशी नीट बोलत नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं रिक्षा बोलावली आणि मला आत बसवलं.

रिपोर्ट

रिपोर्टच्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. डॉक्टरांच्या टेबलावर घशाचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, ते उघडता-मिटता येत होतं. ते त्यांनी उघडलं. गाठ पलीकडच्या बाजूला गेलीय, आतल्या कूर्चेत शिरलीय, आता नुसत्या शेकानं, म्हणजे रेडिएशननं, भागणार नाही, सगळं स्वरयंत्रच काढावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. सुरेखानं विचारलं, मग बोलता येईल ना? डॉक्टर म्हणाले, श्वास इथून, आणि आपल्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं. बोलण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

"आषाढात आला असतात तर," एवढं म्हणून त्यांनी मॉडेल मिटलं.

बाहेर येऊन आम्ही उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभे राहिलो. सुरेखानं एकच ग्लास घेतला, अर्धा पिऊन माझ्या हातात दिला आणि रडायला लागली. मला तिला सांगायचं होतं की रडू नकोस, पण तोंडातून निघालेला आवाज इतका फाटका होता की मी ग्लास तोंडाला लावला.

शेवटचं बोलणं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ऋतुजा वॉर्डात आली. तिनं मोबाईल पुढे धरला आणि म्हणाली, पप्पा, काहीतरी बोला, मी रेकॉर्ड करते. वर्षानुवर्षं मी शेकडो ओव्या म्हटल्या आणि स्वतःच्या मुलीला सांगायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. तिच्या मोबाईलवर बॅटरीची लाल खूण दिसत होती. मी म्हणालो, "चार्जर आणलास का?"

ती हसली, मीही हसलो, आणि तेवढ्यात नर्स आली. ते रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे. माझ्या आवाजाचं तेवढंच घरात उरलंय. पोथी वाचताना मला कुणी कधी रेकॉर्ड केलं नाही. दरवर्षी होतीच ना.

कागद

ऑपरेशननंतरचे दिवस मी मोजले नाहीत. नाकातून पोटात नळी, त्यातून पातळ पेज. गळ्याच्या छिद्रात दर थोड्या वेळानं सक्शनची नळी घालायचे, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी यायची. हाक मारता येत नाही म्हणून उशाशी घंटी ठेवली होती. तिथे एक केरळची नर्स होती. मी लिहायला लागलो की बाकीचे पहिले दोन शब्द बघून पळायचे. ती माझं वाक्य संपेपर्यंत उभी राहायची, मराठी तिला अर्धंमुर्धं वाचता येत होतं तरी. त्या वर्षात माझ्या वाट्याला आलेली जी काही माया आठवते त्यात ती पहिली.

सातव्या का आठव्या दिवशी आई आली. भावानं फुलांच्या टेम्पोतून तिला आणलं होतं. सुरेखा खाली औषधं आणायला गेली होती. आईनं माझे पाय चेपले, तोंडावरून हात फिरवला आणि हात जोडून म्हणाली, "पोथीनं राखलं बरं तुला. जीव वाचला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो आणि दोन दिवसांत ते विरून गेलं असतं, घरातली भांडणं विरतात तसं. ओरडता येत नव्हतं. मी वही ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुझ्या पोथीनं माझा आवाज खाल्ला." पान फाडून तिच्या हातात दिलं.

आईनं ते उलटं धरलं. मग सरळ केलं. तिला वाटलं मुलानं काहीतरी चांगलं लिहून दिलंय, कारण तिनं कपाळाला लावलं आणि हसली. पदराला हात पुसून ती बाहेर गेली.

दार उघडं होतं. बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. आईनं त्यांना म्हटलेलं मला ऐकू आलं, माझ्या मुलानं लिहिलंय, वाचून दाखवता का? मावशींनी एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं वाचला, पहिलीतली मुलं वाचतात तसा. तुझ्या. पोथीनं. माझा. आवाज. खाल्ला.

"अजून काय हाय?" आईनं विचारलं.

"एवढंच हाय, आजी."

मी घंटी वाजवली. का वाजवली ते मला माहीत नाही, वाचून झालं होतं. आई आत आली, माझ्या पायावरची चादर नीट केली, आणि खिडकीशी जाऊन भाऊ न्यायला येईपर्यंत उभी राहिली. त्या कागदाविषयी ती माझ्याशी किंवा घरात कुणाशी एक अक्षर बोलली नाही.

शेक

मग शेक सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस, दीड महिना. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात आणि टेबलाला खिळवून टाकतात. मान हलता कामा नये. आतमध्ये बारीक आवाजात हिंदी गाणी लावलेली असायची, आणि रोज तेच तेच गाणं माझ्या वेळेला यायचं. मला ते गाणं पूर्वी आवडायचं, आता नाही.

ज्या गोष्टी कुणी आधी सांगत नाही त्या सांगतो. नाकातून श्वास जात नाही म्हणून वास जातो. भावानं एकदा निशिगंधाची करंडी माझ्याच खोलीत ठेवली, ऋतुजा आत आली आणि म्हणाली, किती छान वास सुटलाय. मला करंडी दिसेपर्यंत पत्ताच नव्हता. गरम घास फुंकता येत नाही. नाक शिंकरता येत नाही. आंघोळीला खाली वाकून, छिद्र झाकून, घाबरत बसावं लागतं. हसलं तर आवाज येत नाही, नुसता वारा गळ्यातून निघतो आणि फडकं उडतं.

शेकाच्या रांगेत एक पिंपळगावच्या बाई असायच्या. त्यांचा आजार वेगळा होता. त्या रोज माझ्यासाठी भिजवलेल्या मनुका डबीत आणायच्या, मला त्या गिळायला जड जायच्या तरी मी खायचो. एका सोमवारी त्या आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत. मी काउंटरवर वही पुढे केली, तिथल्या मुलीनं नुसती मान हलवली.

वाचन

आजारपणाच्या पुस्तकांत एक पान असतंच, की वाचनानं मला सावरलं. मला नाही सावरलं.

ऋतुजानं कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली. मी रहस्यकथा वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, एका डोंगर चढणाऱ्या माणसाचं आत्मचरित्र वाचलं, जुने दिवाळी अंक वाचले. भावाकडची द्राक्षांच्या फवारणीची पुस्तिकासुद्धा वाचली, आमच्याकडे द्राक्षं नाहीत. वेळ जायचा. पण मनात वाचायची मला सवय नव्हती. आयुष्यभर मी मोठ्यानं वाचलेलं. ओठ हलायचे, घशात काही हलायचं नाही, आणि पान संपलं तरी काय वाचलं ते हाती लागायचं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी घरात कुणी नसताना मी देवघरातून पोथी काढली. तिच्याशी भांडायचं म्हणून काढली. पहिल्यांदाच ती चालीशिवाय, श्वासाशिवाय, नुसती डोळ्यांनी वाचली. तेव्हा कळलं की ज्या अध्यायावर मी माणसं रडवायचो तो अध्याय एका आईबद्दल आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं तो एका राजाबद्दल आहे. अर्थ आप्पांच्या वाट्याला होता, आणि आप्पा बोलत असताना मी पुढचं पान शोधत होतो.

मी ती परत बांधून ठेवली. नंतर उघडलेली नाही.

करमणूक

संध्याकाळी सातला आईची मालिका लागते. पूर्वी ती आणि मी एकत्र बघायचो आणि मी सासूची नक्कल करून तिला हसवायचो. दवाखान्यातून आल्यावर मी कोचावर बसायला लागलो, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघायला लागली. सुरेखा म्हणाली, आत्याबाई, पुढे या, तिथून दिसत नाही. आई म्हणाली, दिसतंय. तिच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, तिथून तिला नुसते रंग दिसत असणार.

मोबाईलवर तासन् तास रील बघायचो. कुणी नाचतंय, कुणी पोहे करतंय, कुणाचं कुत्रं पडतंय. एकदा विनोदी कार्यक्रम लागला होता, सुरेखा आणि ऋतुजा पोट धरून हसत होत्या आणि मीही हसलो. फडकं उडालं, थोडा कफ बाहेर आला. ऋतुजाचं लक्ष गेलं आणि ती हसायची थांबली. तिनं पटकन टिश्यू दिला, काही झालंच नाही असा चेहरा केला. पोर चांगली आहे. पण त्यानंतर घरात विनोदी काही लागलं की मी उठून ओट्यावर जातो.

देव

लोक विचारतात, देवावरचा विश्वास उडाला का? उडायला आधी तो किती होता हे मी कधी मोजून बघितलं नव्हतं. मला पाट हवा होता, समोर समई, आणि ऐकणारी माणसं.

पेठकडच्या एका नातेवाइकानं झाडपाल्याची पुडी दिली, दुसऱ्यानं अंगारा. आप्पा येऊन बसले आणि प्रारब्ध म्हणाले. मी वहीत लिहिलं, प्रारब्ध नाही, तारीख चुकली. त्यांना ते समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

आईचं मात्र वेगळं झालं. ती आधी कुणाला दिसेल असं काही करत नव्हती. पण सुरेखाच्या लक्षात आलं की देवापुढे दिवा आता आपल्यालाच लावावा लागतो, आई लावत नाही. एकादशी आई धरते की नाही कुणास ठाऊक, जेवताना ती सगळ्यांनंतर बसते. चतुर्थीला भावाच्या बायकोनं नारळ फोडायला बोलावलं तर आई म्हणाली, माझ्या हातनं नको.

ह्या श्रावणात आमच्या ओट्यावर पोथी लागली नाही. ती आप्पांच्या ओट्यावर गेली. तिथे चालीवर म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मोबाईलवरून स्पीकर लावून ऐकायचं ठरलं. संध्याकाळी वारा आमच्याकडे असला की कुणा शहरातल्या गायकाचा आवाज शेवंतीच्या वाफ्यांवरून यायचा. चाल वेगळी, मागे तबला आणि बासरी. आई रोज त्या वेळेला घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसायची, भिंतीकडे तोंड करून. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं पहिल्यांदा श्रावणात पोथी ऐकली नाही.

मी खिडकीतून तिची पाठ बघायचो. माझ्या एका ओळीनं तिच्याकडचं सगळं काढून घेतलं होतं. ऑपरेशननं माझं जितकं गेलं नाही तितकं तिचं मी लिहून घालवलं. आणि ती ओळ खोटी होती. तिनं भाकरी थापता थापता एक वाक्य टाकलं, पण डॉक्टरांकडे न जाता थांबायचं मी ठरवलं. तिनं उलट सांगितलं असतं तरी मी पाटावर जाऊन बसलो असतो.

सुरेखा

मी हे सगळं दोन पानांत लिहिलं आणि सुरेखाला दिलं. खाली लिहिलं, आईला वाचून दाखव.

तिनं उभ्याउभ्या वाचलं. दवाखान्यातल्या त्या कागदाचं तिला तेव्हाच कळलं. पानं परत माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "मी नाही वाचणार. मी बोलत होते तेव्हा तुम्ही मायलेकरांनी ऐकलं नाही. आता तुमच्या दोघांच्या मधे मला उभं करू नका."

मी ऋतुजाचं नाव लिहिलं. ती म्हणाली, पोरीला तर अजिबात नाही. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, दुसऱ्या कुणी सांगितलं तर आत्याबाईंना वाटेल त्यांची समजूत घालताय, तुम्हीच सांगा.

मी गळ्याकडे बोट केलं. तिनं कपाट उघडून खोका माझ्यापुढे ठेवला. त्यात दवाखान्यातून दिलेलं बोलायचं मशीन होतं. चार महिने मी त्याला हात लावला नव्हता.

सराव

हे मशीन टॉर्चएवढं असतं. गळ्याला किंवा गालाला टेकवून बटण दाबायचं, ते घरघरतं, आणि ती घरघर तोंडात घेऊन ओठ-जिभेनं तिचे शब्द करायचे. चढउतार नाही, माया नाही, राग नाही. पाण्याची मोटर बोलल्यासारखं येतं. शेकानं माझ्या गळ्याची कातडी कडक झालेली, म्हणून गालावरची जागा शोधावी लागली.

शिकवणारी मॅडम ऋतुजाहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिची ठरलेली वाक्यं होती. मला चहा हवा. किती वाजले. मी बरा आहे. मी वहीत माझं वाक्य लिहून दिलं, हे शिकवा. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, काका, हे लांब आहे, आपण छोटं करू. "पोथी" तिनं काढायला लावली, कारण मशीनवर प नीट उमटत नाही. उरलं ते असं: आई, तू सांगितलं म्हणून नाही. मला वाचायचं होतं.

एवढ्यासाठी सहा आठवडे गेले. आठवड्यातून दोनदा क्लिनिक, बाकीचे दिवस मोटरच्या खोलीत दार लावून. मोटर चालू असली की माझं कुणाला ऐकू जायचं नाही. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही ओळीवर इतकी मेहनत घेतली नव्हती. कुठे थांबायचं, "नाही" कसं तोडायचं, सगळं बसवलं.

परवा दुपारी आई शेडमध्ये शेवंती निवडत होती. चांगली फुलं करंडीत, पिचकी बाजूला. मी समोर पोतं टाकून बसलो आणि मशीन गालाला लावलं. घरघर झाल्याबरोबर तिनं दचकून मोटरच्या खोलीकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे.

पहिल्यांदा तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा तिनं हातातली फुलं खाली ठेवली. तिसऱ्यांदा मी प्रत्येक शब्दानंतर थांबलो. आई. तू सांगितलं. म्हणून नाही. मला. वाचायचं. होतं.

तिला कळलं. डोळ्यांत लगेच पाणी आलं तिच्या, पण आवाज साधाच होता.

"ते मला तवाच ठाऊक व्हतं, अशोक," ती म्हणाली. "तू वाचायचास तवा मी पोथीकडं नाय, तुझ्याकडं बगत व्हते. लय खूश असायचास."

मी मान हलवली. मला वाटलं झालं, एवढंच होतं, वर्षभराचं ओझं उतरलं. आईनं पुन्हा एक फूल उचललं, फिरवून बघितलं, करंडीत टाकलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"मग तसं का लिहिलंस?"

मी मशीन गालाला लावलं. बटण दाबलं. घरघर सुरू झाली, आणि आईनं हातातलं काम थांबवून कान पुढे केला. मला फक्त ते एकच वाक्य येत होतं.